उतारा

मास्तरकीच्या धंद्यात ‘उतारा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी तोंडी येतो. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हे वाक्य मी आजवर किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, देव जाणे! तलाठ्याकडे जावे तर सातबाराचा उतारा. मूल किरकिरू लागले की म्हातारी माणसे भाताचा मुटका ओवाळून टाकतात, तोही उतारा. पण लहानपणी आमच्या घरात हा शब्द कानी पडला की माझ्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राही. ती म्हणजे कोकमाच्या आगळाने भरलेला काचेचा पेला. काचेचा अशासाठी, की आगळ पितळेत कळकते. तो पेला नेऊन देण्याचे काम माझ्याकडे होते.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, त्या पेल्याची पुन्हा आठवण झाली.

भाऊकाकांचा नातू पुण्याहून नवी मोटार घेऊन गावी आला होता. पोरगा पंचविशीचा, गुणी, नोकरीत चांगला रुळलेला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहीण पुण्यात वाट पाहत होती, म्हणून तो पहाटेच निघणार होता. रात्री जेवणे आटोपल्यावर तो आणि त्याचे गावातले दोन मित्र मागच्या पडवीत जाऊन बसले. आमच्या घरात हे लपून करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत, आणि उघड करण्याचे अजून पुरते आलेले नाहीत. तेव्हा मी तिकडे फिरकायचे नाही आणि त्यांनी मोठ्याने हसायचे नाही, असा एक मुका करार होता. अकराच्या सुमारास पाणी न्यायला तो माजघरात आला आणि मला जागा पाहून जरा चपापला. मग खिशातून चकचकीत कागदाची एक पुडी काढून म्हणाला, “काका, काळजी करू नका. ही घेतली की सकाळी माणूस एकदम ताजातवाना! सहाला निघतो मी.”

मी पुडी हातात घेतली. तिच्यावर एका झाडाची डहाळी चितारली होती आणि खाली बारीक अक्षरात एक लांबलचक नाव होते, डायहायड्रोमायरिसेटिन. मी अडखळत ते वाचीत असताना तो हसून म्हणाला, “औषध-बिवषध नाही हो. झाडपाल्याचंच आहे.”

झाडपाल्याचेच आहे! हे वाक्य त्या माजघराने पूर्वी ऐकले होते.

भाऊकाका टेम्पो चालवीत. एरवी नारळ, सुपारी, चिरे, असेल तो माल. आणि एप्रिल-मे आला की आंबा. चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या भरून पहाटे निघायचे, घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात माल उतरवायचा आणि रात्री परत. माणूस मोठा दिलदार. गाडी थांबवून वाटेतल्या म्हाताऱ्यांना उचलून घेणारा, येताना आम्हा मुलांना कोल्हापुरी भडंग आणणारा. दशावताराचे एकही नाटक त्याने चुकविले नसेल. पण काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांत येतो, आणि काजूची दारू बाटलीत कोंडून राहणारी वस्तू नव्हे. ती संध्याकाळी कोणाच्या तरी मांगरात निघे आणि भाऊकाका तिथे असे.

रात्री तो केव्हा येई हे आम्हा मुलांना कळत नसे. पहाट मात्र पाठ होती. आजी चारला उठे. विहिरीच्या गार पाण्याच्या चार कळशा त्याच्या डोक्यावर रित्या होत. मग चुलीपाशी आगळात पाणी घालून, मीठ-जिरे टाकून ती पेला भरी आणि मला हाक मारी. पहिला पेला तो एका दमात घेई, दुसरा सावकाश. त्यावर वेलदोड्याचे दोन दाणे. एवढे झाले की तो माझ्यापुढे वाकून तोंडाने ‘हा’ करी आणि विचारी, “तोंडाक वास येता काय रे?”

हे आजीला विचारण्यात अर्थ नव्हता. जन्मभर तपकीर ओढून तिचे नाक कामातून गेले होते. काकी तर या विधीच्या वेळी गोठ्यातून घरात येतच नसे. म्हणून परीक्षक मी. वय वर्षे अकरा. मी ऐटीत नाक पुढे करी, डोळे मिटी आणि निकाल देई, “नाय, येणा नाय.” त्याबद्दल मला कधी चार आणे मिळत, कधी आठ. आमच्या घरात इतक्या भरवशाने माझे मत दुसरे कोणी विचारीत नव्हते. तेव्हा त्या कामाचा मला अभिमान वाटे, हे कबूल करणे भाग आहे.

१९९१ च्या मे महिन्यातली गोष्ट. आंबा ऐन भरात होता. आदल्या रात्री शेजारच्या वाडीत कोणाकडे तरी पूजा होती; पूजेनंतर जे व्हायचे ते झाले. साडेचारला मी पेला नेला. भाऊकाका आरशासमोर उभा राहून भांग पाडीत होता. हात स्थिर, पाय स्थिर, डोळे तेवढे लाल. पण आंब्याच्या दिवसांत कोणाचे डोळे लाल नसतात? दोन पेले झाले, वेलदोडा झाला, ‘हा’ झाला. मला कोकमाचा आणि वेलदोड्याचा वास आला. त्याखाली आणखी एक वास होता की नव्हता, हे मी पुढे कितीदा आठवून पाहिले आहे! होता, असेच आता वाटते. पण त्या वेळी मी “नाय” म्हटले. सवयीने म्हटले. त्याने रुपया दिला.

घाट लागण्याच्या अलीकडेच एका मोरीच्या कठड्यावर टेम्पो गेला. भाऊकाकाचा पाय मांडीत मोडला. पुढे आयुष्यभर तो लंगडतच चालला. क्लीनर म्हणून बसलेला पोरगा आमच्याच वाडीतला, सोळा वर्षांचा. त्याचा उजवा हात कोपरात वाकडा जुळला तो कायमचा. तो आज पन्नाशीचा आहे. बाजारात भेटला की डाव्या हाताने पिशवी धरतो आणि माझ्याशी पावसापाण्याचे बोलतो. रस्ताभर आंबे पडले होते, असे पाहून आलेली माणसे सांगत.

‘झोप लागली,’ असे सर्वांनी ठरविले. झोपही खरीच होती. तीन रात्री त्याचे नीट डोळे मिटले नव्हते. पेल्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. फक्त आजी एकदा चुलीकडे पाहत स्वतःशीच पुटपुटली, “अजून एक पेलो देवक व्हयो होतो.”

हे सारे मी त्या पोराला पाडव्याच्या रात्री सांगितले नाही. पुडी परत केली आणि अंथरुणावर जाऊन पडलो. पुढले वर्षभर मात्र त्या लांबलचक नावाने माझा पिच्छा पुरविला. शास्त्राचे माझे शिक्षण दहावीच्या पुस्तकाबरोबर संपले. पण शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना भंडावून आणि मिळेल ते वाचून जे पदरात पडले, ते इथे सांगतो. निदान आजीच्या पेल्याचा हिशेब तरी लागला.

तर ते झाड. त्याचे शास्त्रीय नाव होवेनिया डल्सिस. चीन, जपान, कोरिया आणि हिमालयाच्या उतारांवर ते वाढते. इंग्रज त्याला ‘जपानी मनुक्यांचे झाड’ म्हणतात. गंमत अशी, की त्याचे फळ कोणी खात नाही. फळाचा देठ फुगून गोड होतो, तो खातात. चिनी लोकांनी दारूवरचा उतारा म्हणून ते कित्येक शतके वापरले. त्यांच्याकडे एक आख्यायिका आहे. घराची डागडुजी करताना या लाकडाची ढलपी दारूच्या रांजणात पडली आणि रांजणातल्या दारूचे पाणी झाले! ही कथा कोणा दारुड्याच्या बायकोने रचली असावी, असा मला दाट संशय आहे.

पुडीवरचे द्रव्य याच झाडात सापडते. २०१२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जिंग लिआंग या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उंदरांवर प्रयोग केला. उंदराला भरपूर मद्यार्क दिला की तो उताणा पडतो आणि त्याला कुशीवर वळता येत नाही. किती वेळाने तो पुन्हा पायांवर उभा राहतो, हे घड्याळ लावून मोजायचे. हे द्रव्य मिळालेले उंदीर पुष्कळ लवकर उठले. कारण असे सांगतात, की मेंदूत पेशींना शांत करणाऱ्या संदेशाची काही कुलपे असतात. मद्यार्क त्या कुलपांत शिरून नको इतकी शांतता करतो, आणि हे द्रव्य त्याला तिथे आडवे येते. वाचून मी थक्क झालो. चिनी म्हाताऱ्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते तर!

मात्र उंदीर उठला म्हणजे माणूस उठला असे होत नाही. हे द्रव्य तोंडावाटे घेतले तर अंगात फारच थोडे मुरते. आणि त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. उंदरांपुढे दारू मोकळी ठेवली, तेव्हा हे द्रव्य मिळालेले उंदीर आपण होऊन कमी प्याले. मला विचाराल तर शोधातली मोठी गोष्ट ही. पुडीवर तिचा उल्लेख नव्हता. कसा असेल? पुडी विकली जाते ती जास्त पिऊन सकाळी ताजे दिसण्यासाठी.

कमी पिण्याच्या बाबतीत दुसऱ्या एका वेलीचे नाव आहे. तिला कुडझू म्हणतात. आपल्याकडच्या घोडवेलीची, म्हणजे वैद्यांच्या विदारीकंदाची, ती चुलत बहीण. १९९३ साली हार्वर्डच्या किऊंग आणि व्हॅली या दोघांनी तिच्या मुळातली द्रव्ये दारूची चटक असलेल्या हॅमस्टर नावाच्या उंदीरवर्गीय प्राण्यांना दिली. त्यांचे पिणे उतरले. २००५ मध्ये बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात स्कॉट लूकस यांनी माणसे घेतली. प्रयोगशाळेतच बैठकीची खोली सजविली. टीव्ही, आरामखुर्ची, फ्रिजमध्ये बिअर. आठवडाभर कुडझूचा अर्क घेतलेली माणसे त्या खोलीत कमी प्याली, घोटही लहान घेतले. माणसे मोजकी होती, तेव्हा ढोल वाजविण्याचे कारण नाही. पण भाऊकाकाला मी आगळाऐवजी हे नेऊन दिले असते तर, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला खरा.

आजीच्या आगळालाही मोठा आधार निघाला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे अतिमद्यपानाच्या विकारांवर, सबंध चोविसावा अध्याय आहे. मद्याच्या विकारावर चरकाने एक मंथही सांगितला आहे. त्यात खजूर, मनुका, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा आणि वृक्षाम्ल. बहुतेक वैद्य वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम मानतात! अक्षरशत्रू आजी चरकाच्या पंक्तीत जाऊन बसली, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! रोमन कॅटो मेजवानीपूर्वी कोबी खायला सांगे. कोरियात नाशपातीचा रस घेतात. जिथे दारू गेली तिथे तिच्या पाठोपाठ काही ना काही झाडपाला गेलाच आहे. आणि त्याचा काहीच उपयोग नाही असेही नाही. आंबट-गोड-खारट पाण्याने शोष भागतो, मळमळ शमते, तोंडाला चव येते.

पण रक्तातली दारू? तिथे चरकही थांबतो आणि आजीही. आमच्या जुन्या अंकगणितात हौद आणि तोटीची उदाहरणे असत. यकृत ही ती तोटी. तीस मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम काढून टाकते. माणसामाणसांत फरक पडतो, पण गार पाणी ओता की आगळ पाजा, तोटी आपल्याच गतीने वाहते. त्या मे महिन्यातल्या रात्रीचे गणित मी वहीवर मांडून पाहिले. नऊच्या सुमारास सुरुवात, दीड क्वार्टर, म्हणजे नऊ पेग, ९० ग्रॅम. पहाटे साडेचारपर्यंत साडेसात तास. तासाला ८ धरले तर ६० गेले, ३० उरले. भाऊकाकाच्या अंगकाठीच्या माणसात एवढा मद्यार्क म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या, सुमारे दुप्पट. आकडे माझे अंदाजाचे आहेत. त्या रात्री पेग कोणी मोजले होते? पण कमी धरून पाहिले तरी उत्तर शून्य येत नाही.

मग तो सरळ उभा कसा राहिला? भांग सरळ कसा पाडला? रोज पिणाऱ्याचे शरीर सरावते, एवढेच. आणि वासाचे म्हणाल तर तो तोंडातला नसतोच. रक्तातला मद्यार्क फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर पडतो. वेलदोडा तोंडातला वास झाकतो, श्वासातला मद्यार्क काढीत नाही. आमचा उतारा त्याच्या रक्तासाठी नव्हताच मुळी. तो होता आमच्यासाठी: आजीला, काकीला, वाडीला आणि पेट्यांच्या मालकाला हा माणूस ठीक आहे असे दिसावे म्हणून. आणि तसे दिसल्याचा दाखला देणारा मी.

अलीकडच्या उताऱ्यांची गत फार निराळी नाही. लंडनच्या काही संशोधकांनी अशा उपायांच्या २१ चाचण्या एकत्र तपासल्या आणि २०२२ च्या सुरुवातीस त्यांचे म्हणणे छापले. सगळ्या मिळून माणसे अवघी ३८६. लवंगेच्या अर्काने सकाळच्या त्रासात थोडा फरक दिसला म्हणतात. पण एकंदर पुरावा अगदी कमी दर्जाचा. लवंग आमच्या आजीला सुचली नव्हती. सुचली असती तर तीही पेल्यात पडली असती.

असो. भाऊबीजेच्या पहाटे मला चारलाच जाग आली. ओसरीवरच्या खुंटीला मोटारीची किल्ली टांगलेली होती. वर सांगितलेले काहीही त्या वेळी मला ठाऊक नव्हते. मी ती किल्ली काढली, स्वयंपाकघरात गेलो आणि फडताळात आगळाच्या बरणीमागे ठेवून दिली.

पोरगा पावणेसहाला अंघोळ करून आला. खरोखरच ताजा दिसत होता. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. “काका, किल्ली पाहिलीत का?”

“चहा घे आधी,” मी म्हणालो.

चहा झाला. त्याने खुंटीखाली शोधले, गादी झटकली, पडवीत जाऊन आला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला काय ते उमगले असावे. हसत हसत तो माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, “अहो, मी अगदी ठीक आहे. वाटल्यास वास येतोय का बघा!”

त्याला काय माहीत! मी मान वळविली. मला त्याच्या तोंडाजवळ नाक नेववेना. मी त्याला समोर बसवले आणि टेम्पोची गोष्ट सांगितली; पेल्याची, वेलदोड्याची, रुपयाचीसुद्धा. आजोबा लंगडतात ते अपघातामुळे, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले होते. तो ऐकत राहिला. मधे एकदा त्याने विचारले, “आणि तो क्लीनर?” मी सांगितले. पुढे बराच वेळ आम्ही दोघे गप्पच होतो.

मग तो उठला आणि पुन्हा जाऊन झोपला. साडेदहाला जागा झाला. दुपारी जेवला, सोलकढी दोनदा मागून घेतली आणि दीडच्या सुमारास निघाला. किल्ली मी त्याच्या हातात दिली. कुठे होती ते त्याने विचारले नाही.

रात्री नऊनंतर त्याच्या बहिणीचा फोन आला. तो पोहोचला होता, ओवाळून झाले होते; पण तिचा राग गेला नव्हता. सकाळपासून तबक लावून बसले होते, म्हणाली. “काका, एवढा उशीर का झाला त्याला? तुम्ही ठेवून घेतलंत ना?”

मी क्षणभर थांबलो.

“अगं, किल्लीच सापडत नव्हती,” मी म्हणालो.